मुंबई सोडून गावाकडची नोकरी घ्यायचीये, पण बायको काहीच बोलत नाही

गेली काही वर्षं समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न सारखा येतोय. शब्द वेगळे असतात पण मजकूर तोच, की मॅडम मुंबईला कंटाळलोय, गावाकडची चांगली ऑफर आलीये, पगार थोडा कमी आहे पण घरभाडं, प्रवास, बाहेरचं खाणं सगळं धरलं तर हातात तेवढेच राहतील, फक्त मला तिथे जमेल का एवढीच धाकधूक आहे. विचारणारा जवळजवळ नेहमी नोकरी मिळालेला माणूसच असतो. आणि त्याला बहुतेक वेळा जमतं हो. त्याला सकाळी उठून जायला जागा असते, भेटायला माणसं असतात, पहिल्या दिवसापासून लोक त्याला साहेब म्हणून ओळखतात. खरा प्रश्न त्याच्याबरोबर जाणाऱ्यांचा असतो आणि ते मला विचारायला येतच नाहीत. म्हणून आज एका जोडप्याबद्दल लिहितेय. दोघांना विचारून लिहितेय, नावं देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

राहणार डोंबिवली. तो एक्स्पोर्टच्या मालाची क्वालिटी बघायचा, ऑफिस तुर्भ्याला, म्हणजे डोंबिवली ते ठाणे एक गाडी आणि ठाण्याहून ट्रान्स हार्बरची दुसरी. ती दादरला एका सीएच्या फर्ममध्ये, जीएसटी आणि अकाउंट्स. मुलगा तिसरीत, नवऱ्याची आई बरोबर. त्याला निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमधून ऑफर आली, क्वालिटीचा हेड म्हणून. तो अगदी मोहरून गेला होता, सेशनला आला तेव्हा मोबाईलमध्ये बागेचे फोटो, भाड्याने मिळणाऱ्या घराचे फोटो, पुढे अंगण, मागे मोकळी जागा, आणि मला म्हणाला मॅडम फक्त हिला समजवा, ही काहीच बोलत नाहीये, नाही पण म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही.

मी कुणाला काही समजवत नाही, ते माझं काम नाही. मी दोघांना एकेक कोरा कागद दिला आणि सांगितलं की तिकडे गेल्यावरचा एक बुधवार लिहा. रविवार नको, पहिला दिवस नको, सहा महिने झाल्यावरचा कुठलाही साधा बुधवार, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तासातासाने.

त्याचा कागद दहा मिनिटांत भरला. साडेसहाला चालायला जाणार, आठला पॅकहाऊस, दुपारी जेवायला घरी, संध्याकाळी मुलाबरोबर क्रिकेट. तिने सकाळचं सगळं व्यवस्थित लिहिलं, डबा, मुलाची शाळेची गाडी, सासूबाईंच्या गोळ्या. दहा वाजता थांबली. मग दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत एक कंस काढला आणि त्यात काहीच लिहिलं नाही. पेन बराच वेळ हातात होतं तिच्या. त्याने तो कागद बघितला आणि पहिल्यांदा तो गप्प झाला, कारण त्याला खरंच वाटत होतं की तिला दादरच्या गर्दीतून सोडवतोय आपण, आता आराम करेल बिचारी.

ती मग बोलायला लागली ती थेट ट्रेनवरच आली. लेडीज डब्यातला ग्रुप, लग्नाच्या आधीपासूनचा. नवरात्रात ठरलेल्या रंगाच्या साड्या, संक्रांतीला डब्यातच हळदीकुंकू, डोहाळजेवण पण गाडीतच झालेलं हिचं. मुलगा हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा ऑफिसच्या आधी डबा घेऊन येणारी ह्याच ग्रुपमधली. म्हणाली, तुम्हाला सगळ्यांना वाटतं मी त्या प्रवासाला वैतागलेय, वैतागतेच की, पण दिवसातला तेवढाच वेळ मी कुणाची सून नसते, कुणाची आई नसते. हे तिने नवऱ्याला कधी सांगितलेलं नव्हतं आणि त्याने कधी विचारलं नव्हतं, दोघांचंही चुकलं असं नाही, संसाराच्या गडबडीत हे बोलायचं राहूनच जातं.

होम्स आणि राहे या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९६७ साली आयुष्यातल्या बदलांची एक यादी केली होती, कुठल्या बदलाने माणसावर किती ताण येतो त्याचे गुण देऊन. जुनी आहे, त्या काळाच्या घरांवर बेतलेली आहे, पण मी ती अजून वापरते कारण लोकांना कागदावर दिसलं की पटतं. त्यात घर बदलणं २० गुण, मुलांची शाळा बदलणं २०, कामाच्या वेळा किंवा परिस्थिती बदलणं २०, राहणीमान बदलणं २५, लोकांमधलं उठणंबसणं बदलणं १८. आणि बायकोने नोकरी सुरू करणं किंवा सोडणं, २६. म्हणजे सामानाचा ट्रक भरून घर हलवण्यापेक्षा तिने नोकरी सोडण्याला जास्त गुण आहेत. आपण मात्र सगळ्या नातेवाईकांना सांगतो की ह्याची नोकरी बदलली, आणि बाकीच्या ओळी ज्याच्या त्याच्या वाट्याला जातात.

मग आम्ही जाऊ की नको हा विषय बाजूलाच ठेवला आणि त्या रिकाम्या कंसावर काम सुरू केलं. मी एकच आग्रह धरला, की तिचं काय ते इथे असतानाच ठरू दे, तिकडे गेल्यावर बघू असं नको. तिकडे गेल्यावर बघू म्हणणाऱ्या घरांमध्ये कुणी बघत नाही, वर्ष निघून जातं आणि मग बाई म्हणायला लागते की मला आता आत्मविश्वासच राहिला नाही. तिने फर्ममध्ये विचारलं. आधी नाही म्हणाले, मग रिटर्न्सचं काम घरून करायला दिलं, पगार निम्म्यापेक्षा थोडा जास्त. तिला वाईट वाटलं पण माझ्या मते तो सौदा चांगला होता, तारखा होत्या, फोन येणार होते, कुणीतरी तिची वाट बघणार होतं.

डोंबिवलीचा फ्लॅट विकायचा विचार होता त्याचा, तिकडे प्लॉट घेऊ म्हणून. मी पैशातलं सांगत नाही कुणाला, पण इथे बोलले, कारण परतीची वाट बंद आहे असं वाटलं की घरातली छोटी भांडणं सुद्धा मोठी होतात. सगळे तिकडे गेले की फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्यायचा असं ठरलं. करार संपायच्या आधी सगळ्यांनी बसून पुन्हा बोलायचं असं ठरलं, आणि त्या बोलण्यात आईंचं आणि मुलाचं मत पण धरायचं.

तो ऑक्टोबरमध्ये एकटाच गेला. मुलाची शाळा मध्येच तोडली नाही हे फार बरं झालं. बाकीचे मे महिन्यात आठ दिवस राहून आले, आणि मे मुद्दामच निवडला होता. द्राक्षाच्या दिवसांत पाहुणा म्हणून गेलात तर कुणीही प्रेमात पडेल, मेच्या उन्हात दुपारी लाईट गेल्यावर तिथे कसं वाटतं ते कळायला हवं. वीकेंडला बघून आलो असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगते की एकदा आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, किराणा आणा, डॉक्टरकडे जाऊन या, शाळेच्या गेटवर सकाळी उभं राहून बघा.

जूनमध्ये सगळे गेले. आता इथे मला जे वाटलं होतं त्याहून वेगळं झालं ते आईंच्या बाबतीत. सगळे म्हणत होते की आईंना काय, त्या गावच्याच, त्या रमतील. पण आई सावंतवाडीकडच्या. त्यांचं गाव म्हणजे नारळ, ओहोळ, मालवणी बोलणं. निफाडची काळी जमीन, लांबलांब वस्त्या, संध्याकाळी उसाच्या कडेने जाऊ नका बिबट्या फिरतो असं शेजारी सांगतात, हे त्यांचं गाव नव्हतंच. त्यांचं खरं गाव एव्हाना डोंबिवली झालेलं होतं, देवळातलं भजनी मंडळ, बाजारातला ठरलेला भाजीवाला. त्या दोन महिन्यांत खंगल्यासारख्या झाल्या, जेवण कमी, सारखं टीव्हीसमोर. नवरा चिडायचा की एवढं सगळं केलं तरी आईला काही आवडत नाही. शेवटी त्या काही दिवस कल्याणला मुलीकडे आणि काही दिवस निफाडला असं करायला लागल्या आणि भजनाचा वार सांभाळून येतात जातात. नातेवाईक बोलले, सुनेने सासूला घालवलं वगैरे. आई स्वतः एका लग्नात म्हणाल्या की मला कुणी घालवलं नाही, मी माझ्या पायाने येते, आणि विषय संपला.

दुसरी गोष्ट मी सगळ्यांना आधी सांगते, की गावाकडची नोकरी म्हणजे निवांतपणा ही समजूत काढून टाका. द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. बागेतून माल आला की लगेच प्रीकूलिंग, म्हणजे तो थंड करायचा, बायका ओळीने बसून कात्रीने घडातले खराब मणी काढतात, पनेट म्हणजे छोटे डबे भरायचे, वजन, लेबल, रात्री कंटेनर भरून न्हावाशेव्याला रवाना करायचा. त्याच्या आधी रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या फवारणीच्या औषधांचा रिपोर्ट नीट आला नाही तर सगळं अडकतं. त्या चार महिन्यांत तो रात्री अकरा-बाराला घरी यायचा. तुर्भ्याहून निदान आठला तरी यायचास, असं ती त्याला एकदा म्हणाली. त्यात निफाडची थंडी, पारा इतका उतरतो की बागांमध्ये शेकोट्या पेटवतात, आणि ह्यांच्याकडे डोंबिवलीचे स्वेटर. जानेवारीच्या शेवटी तिचा फोन आला मला, आवाज अगदी बसलेला.

तिचं दुःख ऐकून मला वाटलं होतं एकटेपणा असेल. ती म्हणाली उलट आहे मॅडम, इथे एकटं राहूच देत नाहीत. मेडिकलमध्ये गेलं की संध्याकाळपर्यंत तिघी विचारतात कुणाला बरं नाहीये. पहिल्याच आठवड्यात आडनाव, मग तुम्ही कुठले, मग म्हणजे कुठले म्हणायचे तुम्ही, हे विचारून झालेलं, आणि ते कशासाठी विचारतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, ते तिला फार लागलं आणि ते लागायलाच हवं होतं. मी तिला सवय करून घे असं सांगितलं नाही. एवढंच ठरवलं की कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं आणि कुठल्या प्रश्नाला हसून विषय बदलायचा हे तिने स्वतः निवडायचं. आणि त्याच शेजारणींपैकी एकीने मुलाला रात्री ताप आला तेव्हा, नवरा पॅकहाऊसमध्ये अडकलेला असताना, आपल्या दिराला उठवून गाडी काढायला लावली आणि पिंपळगावला हॉस्पिटलमध्ये पहाटेपर्यंत हिच्याबरोबर बसून राहिली. तिला दोन्ही खरं वाटतं, नाक खुपसणं पण आणि ती रात्र पण, आणि दोन्हीतलं एक निवडायची काही गरज नाही.

तेव्हा मी तिची झोप, भूक, सकाळी उठावंसं वाटतं का हे सगळं नीट विचारून घेतलं. बदलानंतर थोडे दिवस उदास वाटणं वेगळं आणि दोन आठवड्यांच्या वर रोज तसंच वाटत राहणं, कशातच मन न लागणं, झोप उडणं वेगळं. दुसरं असेल तर वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. गावात समुपदेशक नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तिच्या बाबतीत तेवढी वेळ आली नव्हती. आठवड्यातून एकदा फोनवर सेशन केले, आणि त्याला हंगामात सुद्धा आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी ठेवायला सांगितली, ती त्याने मालकांशी बोलून मिळवली. मागितली तर मिळते बऱ्याचदा, माणसं मागतच नाहीत.

आणि काम तिच्याकडे भलत्याच वाटेने आलं. त्या भागात शेतकरी उत्पादक कंपन्या बऱ्याच आहेत, शेतकरी मिळून काढतात, आणि कंपनी म्हटलं की हिशेब, ऑडिट, जीएसटी, रिटर्न्स सगळं आलं, आणि ते बघणारं माणूस बहुतेक वेळा नाशिकमध्ये असतं. शाळेच्या गेटवर कुणाच्या तरी बाबांनी सहज विचारलं तुम्ही अकाउंट्सचं करता ना. एका कंपनीचं काम आलं, मग दुसरीचं. आता एक मुलगी मदतीला ठेवलीये, तिथलीच, बीकॉम झालेली आणि लग्नाची वाट बघत घरी बसलेली.

ट्रेनचा ग्रुप अजून व्हॉट्सॲपवर आहे. आधी आधी ती तो म्यूट करायची कारण वाचून रडू यायचं. मागच्या डिसेंबरात त्यातल्या सगळ्या दोन दिवस राहून गेल्या.

अकरा महिन्यांचा करार संपत आला तेव्हा ठरल्याप्रमाणे सगळे बसले. मुलगा म्हणाला इथे राहूया पण पाचवीपासून मला नाशिकची शाळा पाहिजे. आई म्हणाल्या मी येऊन जाऊन. मधल्या काळात त्याला जुन्या ऑफिसमधून परत या म्हणून फोन आला होता, पगार चांगला होता, तो डळमळला होता आणि त्याने तिला विचारलं. ती म्हणाली सप्टेंबरअखेरपर्यंत माझ्या कंपन्यांची ऑडिट्स आणि सभा आहेत, तोपर्यंत मी हलत नाही, त्यानंतर बोलू.

त्यांनी करार आणखी अकरा महिन्यांनी वाढवलाय. फ्लॅट अजून विकलेला नाही, आणि विकायची घाई नाही असं आता तो स्वतःच सांगतो. मला मेल करणाऱ्यांना मी सध्या एवढंच उलट लिहिते, की तुमच्याबरोबर जे जाणार आहेत त्यांना घेऊन या, आणि येताना प्रत्येकाने आपापला बुधवार लिहून आणा.