एथिक्स कमिटीत नवीन आलेल्या ताईंसाठी

ताई, एथिक्स कमिटीत, म्हणजे माणसांवरच्या औषधांच्या चाचण्या (ट्रायल) तपासून मंजुरी देणाऱ्या समितीत आलात, अभिनंदन! डॉक्टर नाही म्हणून टेन्शन घेऊ नका, तुम्हाला सामान्य माणूस म्हणूनच घेतलंय ना. २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या ट्रायलचा निर्णय घ्यायला किमान पाच सदस्य लागतात अन् त्यात सामान्य सदस्य हवाच, म्हणजे तुम्ही शोपीस नाही.

सुरुवातीला एवढंच करा:

- शंभर पानांचा प्रोटोकॉल (ट्रायलचा आराखडा) आला तरी आधी मराठी-हिंदी संमतीपत्र वाचा. आपल्याकडे पेशंट गडचिरोलीहून येतो, छिंदवाड्याहून येतो, दर पंधरा दिवसांनी तपासणीला बोलावलं तर एसटीचं भाडं कोण देणार, बुडालेल्या मजुरीचं काय, मधेच नाही म्हटलं तर नेहमीचे उपचार चालू राहणार का, अन् ट्रायलमुळे काही झालं तर भरपाई कोणाकडून, हे सरळ लिहिलंय का बघा. बरेचदा गोलमोल असतं.
- मोठे सर बसलेत म्हणून गप्प राहू नका, नवीन लोक हीच चूक करतात. समजलं नाही तर विचारा, अन् प्रश्न मिनिट्समध्ये (मीटिंगच्या लेखी नोंदीत) आला का तेही पाहा.
- प्रस्ताव ओळखीच्याचा असेल तर आधीच सांगा अन् त्या चर्चेतून बाहेर या.

मंजुरी दिली की काम संपलं असं नवीन माणसाला वाटते, पण खरी कसरत पुढेच आहे. कमिट्यांकडे माणसं कमी, प्रस्तावांचा ढीग, त्यामुळे चालू ट्रायलवर लक्ष ठेवणं मागे पडते (माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा हाच).

दुष्परिणामांचे रिपोर्ट, भरपाईचं गणित वगैरे सध्या राहू द्या. पहिल्या मीटिंगचं संमतीपत्र मात्र घरी नीट वाचून, पेन्सिलने खुणा करूनच जा.