संताच्या चित्रातला प्रकाश आणि रंग कसे वाचायचे?

ख्रिस्ती संतांच्या चित्रांतला प्रकाश आणि रंग समजण्यासाठी आधी प्रतीकांचे अर्थ पाठ करावे लागतात का, असं तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. आधी उजेड कुठे पडलाय ते बघा. प्रतीकं मागाहून आपोआप सापडतात.

मी वर्षानुवर्षं ज्या चित्राकडे परत परत येतो, त्याचंच उदाहरण देतो. इटालियन चित्रकार कॅराव्हाज्योने साधारण १६०५-०६ मध्ये रंगवलेला संत जेरोम, रोमच्या बोर्गेसे गॅलरीतला. बायबलचं लॅटिन भाषांतर करणारा हा म्हातारा टेबलाशी बसून पुस्तकात डोकं खुपसून वाचतोय. खिडकी नाही, दिवा नाही, मागे नुसता गर्द तपकिरी अंधार. जेरोमच्या चित्रांत हमखास असणारा सिंहसुद्धा इथे नाही. उजेड मोजक्याच ठिकाणी पडलाय: टक्कल, उघडा खांदा, लांबवलेला हात आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पुस्तकावर ठेवलेली कवटी.

आता टक्कल आणि कवटी आळीपाळीने बघा. दोन्हींचा गोल घाट सारखा, दोन्हींवर उजेडही जवळपास तसाच. कवटी म्हणजे मृत्यूची आठवण, हा अर्थ कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण ही कवटी याच माणसाची उद्याची आहे, हे मला त्या उजेडाने सांगितलं. ते पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

रंगांचंही तसंच. अंगावरचं लाल वस्त्र कार्डिनलच्या, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्याच्या, पदाची खूण म्हणून येतं. खरं तर जेरोम कधीच कार्डिनल नव्हता. तो इ. स. ४२० मध्ये वारला आणि कार्डिनलांचा लाल वेष त्यानंतर कित्येक शतकांनी आला. पोप दमासस याचा तो चिटणीस होता, म्हणून परंपरेने त्याला तो मान देऊन टाकला. इथे मात्र मला पदापेक्षा त्या लालाची ऊब जास्त जाणवते. चित्रातला सगळा जिवंतपणा त्या बाजूला एकवटलाय, आणि कवटीच्या बाजूला लोंबतंय एक पांढरं फडकं. लाल माणसाकडे, पांढरं मृत्यूकडे.

दोघांच्या मधे तो हात. सुकलेला, हातात पिसाची लेखणी, शाईकडे गेलेला. डोळे मात्र अजून ओळीवरून हललेले नाहीत.

चित्र मोठं करून बघा. कवटीपासून सुरुवात करा आणि त्या हातावरून सावकाश डोक्यापर्यंत जा.