वाचक विचारतात: युरोपात स्कीइंगला जायचंय, पण बर्फाचं काय?

नाताळची आणि मार्चची तिकिटं काढण्याचे हे दिवस. त्यामुळे या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे: पैसे आत्ता भरायचे आणि बर्फ पडेल की नाही ते नंतर कळणार. निवडक प्रश्नांना इथे सविस्तर उत्तरं देत आहोत.

मुलांना २४ डिसेंबर ते १ जानेवारी सुट्टी आहे. आम्ही चौघंही पहिल्यांदाच स्की शिकणार. एजंटने हजार मीटरवरचं गाव सुचवलंय. हॉटेल स्वस्त आहे, आणि ‘लिफ्ट तीन हजार मीटरपर्यंत जाते, बर्फाची चिंता नको’ असं तो म्हणतो. पैसे भरू का?
– एक वाचक, दादर

थांबा. तीन हजार मीटरवर बर्फ असेलच, पण तो तुमच्या कामाचा नाही. नवशिक्या माणसाचे पहिले तीन दिवस जातात ते वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याशेजारच्या शंभर-दीडशे मीटर लांबीच्या शिकाऊ उतारावर. हा उतार बऱ्याच ठिकाणी सगळ्यात खाली, गावालगतच्या कुरणात असतो. तेव्हा एजंटला शिकाऊ उताराचीच उंची विचारा. मुंबईकरांच्या ओळखीचं उदाहरण घ्यायचं तर टिटलिसखालचं एंगेलबर्ग. गावातला शिकाऊ उतार हजार मीटरवर आहे, आणि केबल कारच्या वाटेवर ट्र्युबझे तलावापाशी दुसरा आहे, तो १८०० मीटरवर. गाव तेच, डोंगर तोच. पण डिसेंबरात एका ठिकाणी चिखल आणि दुसऱ्या ठिकाणी शाळा सुरू, असं सहज होऊ शकतं.

हिशेब सोपा आहे. दर शंभर मीटर चढलं की तापमान साधारण ०.६ ते ०.७ अंशाने उतरतं. गावात हजार मीटरवर ५ अंश असेल तर शून्य अंशाची रेषा पावणेदोन-अठराशे मीटरच्या आसपास येते. बर्फ या रेषेच्या दोन-तीनशे मीटर खालपर्यंत टिकून पडतो, त्याखाली पाऊस. म्हणजे त्या दिवशी १८०० मीटरवरच्या मुलांना ताजा बर्फ मिळतो आणि गावातल्यांना छत्री लागते. पाऊस नुसता बर्फ थांबवत नाही, आधी साठलेलाही धुऊन नेतो.

‘आमच्याकडे स्नो गन (कृत्रिम बर्फ फवारणाऱ्या तोफा) आहेत’ हे उत्तरही तपासून घ्या. स्नो गनला पाणी आणि वीज लागते, तशी थंडीही लागते, आणि ती थंडी ओल्या फडक्याच्या (म्हणजे ज्याच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलेलं असतं अशा) थर्मामीटरने मोजतात. तो उणे २-३ अंशांच्या खाली गेला तरच काम होतं. हवा कोरडी असेल तर साध्या थर्मामीटरवर शून्य असतानाही बर्फ तयार होतो. हवा दमट असेल तर उणे ३-४ लागतात. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२३ च्या सुरुवातीला आल्प्सवर उबदार हवा बसली, तेव्हा खालच्या गावांतल्या तोफा नुसत्या उभ्या होत्या. हिरव्या गवतातून पांढरी पट्टी गेलेली, असे त्या आठवड्यातले फोटो अनेकांनी पाहिले असतील.

नाताळच्या आठवड्यासाठी आमचं मत स्पष्ट आहे: शिकाऊ उतार १८०० मीटरच्या खाली असेल तर स्वस्त हॉटेलच्या मोहात पडू नका. स्वित्झर्लंडमधल्या त्सेर्माटचं गाव १६२० मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढं (१६४६). तिथला लहान मुलांचा उतार सुनेगाला २२८८ मीटरवर आहे. ऑस्ट्रियात क्यूटाय हे गावच २०२० मीटरवर वसलंय, फ्रान्समध्ये वाल तोरांस २३०० मीटरवर. मात्र समुद्रसपाटीवरून थेट एवढ्या उंचीवर झोपायला गेलं की पहिल्या रात्री डोकं धरतं, झोप लागत नाही. पहिला दिवस अर्धाच स्की करा आणि पाणी भरपूर प्या.

वेबसाइटवर ‘बर्फ १५० सेंटिमीटर’ असतं आणि वेबकॅममध्ये गावात गवत दिसतं. कोण खोटं बोलतंय?
– एक वाचक, मुलुंड

बहुधा कोणीच नाही. तो आकडा सगळ्यात वरच्या ठिकाणचा असतो. समजा अहवाल असा आहे: वर १५०, खाली १०. शेवटची बर्फवृष्टी १२ दिवसांपूर्वी. १०० पैकी ३८ किलोमीटर पिस्ट सुरू. गावात येणारी उतरण बंद.

यातला सगळ्यात बोलका आकडा ३८. पिस्ट म्हणजे यंत्राने दाबून आखलेली वाट. निम्म्याहून कमी वाटा सुरू असतील तर सगळे पर्यटक तेवढ्यातच कोंबले जातात, आणि दुपारपर्यंत उतार घासून काचेसारखा होतो. दुसरी खूण म्हणजे शेवटच्या बर्फवृष्टीची तारीख. बारा दिवस थंडी टिकली असेल तर बर्फ कडक पण चांगला राहतो. मध्ये एकदा पाऊस पडून गेला असेल तर वर बर्फाळ कवच चढलेलं असतं. ‘गावात येणारी उतरण बंद’ हे नवशिक्यांनी मनावर घेऊ नये. संध्याकाळी केबल कारने खाली यायचं, बस.

जाडीचा आकडा जमिनीशी ताडून बघावा लागतो. गवताळ कुरणावर २०-३० सेंटिमीटर दाबलेला बर्फ पुरतो. खडकाळ उतारावर मीटरभर असला तरी कुठे ना कुठे दगड वर येतो, आणि भाड्याच्या स्कीच्या तळाला चर पडला की दुकानदार पैसे मागतो. वेबकॅम बघायचा तो सकाळचा, आणि शिकाऊ उताराचा. शिखरावरचा कॅमेरा वर्षभर पांढराच दिसतो. युंगफ्राउयोख ३४५४ मीटरवर आहे, तिथे जुलैतही बर्फ असतो. त्यावरून खालच्या ग्रिंडेलवाल्डमध्ये (१०३४ मीटर) काय परिस्थिती आहे ते काहीच समजत नाही.

व्हिसासाठी हॉटेल आणि तिकीट आधी दाखवावं लागतं. मग ‘बर्फ बघून ठरवा’ हा सल्ला आमच्या काय उपयोगाचा? म्युनिकचा माणूस शुक्रवारी हवामान बघून शनिवारी गाडी काढतो, आम्ही पार्ल्यातून काय करायचं?
– एक वाचक, विलेपार्ले

तुमची अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय असा की देश आणि शहर आधी पक्कं करा, डोंगर शेवटपर्यंत मोकळा ठेवा.

आधी हवा समजून घेऊ, कारण ती आपल्या ओळखीची आहे. महाबळेश्वरला धो धो पाऊस असताना घाटाखाली वाईला जेमतेम भुरभुर असते, फलटणला तर आभाळ कोरडं. ढग सह्याद्रीच्या ज्या अंगाला धडकतात ते अंग भिजतं. आल्प्सही तसाच आडवा पडलेला आहे, फक्त वारा दोन्ही बाजूंनी येतो. वायव्येकडून आला की ऑस्ट्रियाचा उत्तर भाग आणि पश्चिमेकडचा आर्लबर्ग यांना बर्फ मिळतो, तेव्हा इटलीची बाजू उन्हात असते. भूमध्य समुद्रावरून कमी दाबाचा पट्टा सरकला की उलटं होतं: आल्प्सच्या दक्षिण अंगाचे डोलोमाइट्स, चेर्विनिया, तिचिनो भरतात आणि उत्तरेकडच्या दऱ्यांत फ्योन सुटतो. फ्योन म्हणजे डोंगर ओलांडून उतरणारा कोरडा, गरम वारा. तो काही तासांत पारा दहा-पंधरा अंशांनी चढवू शकतो, बर्फ खातो आणि वरच्या लिफ्ट बंद पाडतो. म्हणून एकाच आठवड्यात एका बाजूला निराशा असली तरी दुसरीकडे मजा असू शकते, आणि दोन्हींमधलं अंतर रेल्वेने दोन-तीन तासांचं.

तेव्हा मुक्काम स्की-गावात न करता रेल्वेच्या मोक्याच्या शहरात करा. ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक घ्या. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे, तिथून इन्सब्रुक रेल्वेने साधारण साडेतीन तास. सकाळी हवामान बघून निवडा: थंडी कमी पडली असेल तर श्टुबाय हिमनदी (३२१० मीटरपर्यंत) किंवा क्यूटाय. ढगाळ हवेत वर उतार आणि आभाळ एकच पांढरं दिसतं, खड्डा-उंचवटा कळत नाही, अशा दिवशी झाडांमधून जाणारी पाट्शरकोफेलची वाट बरी. उत्तरेला फ्योन लागलाच तर ब्रेनर खिंड ओलांडून इटलीच्या बाजूला जाता येतं. स्वित्झर्लंडमध्ये असंच ठिकाण म्हणजे व्हिस्प किंवा ब्रिग. तिथून त्सेर्माटला रेल्वे, सास-फेला बस, आणि आलेच हिमनदीजवळच्या गावांना रेल्वे आणि केबल कार. रोजचा तासाभराचा प्रवास वाढतो, हे खरं. सहा दिवसांतले चार चांगले मिळणार असतील तर तो करावा.

आता कागदपत्रं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो किमान १५ दिवस आधी तरी दिलेला हवा. डिसेंबरसाठी एवढं ताणू नका, भेटीच्या वेळा भराभर संपतात. ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज करायचा. इन्सब्रुकला सात रात्री असतील तर ऑस्ट्रिया, झुरिकला उतरलात तरी. एक दिवस इटलीत स्की केल्याने काही बिघडत नाही. पण व्हिसा ऑस्ट्रियाचा काढून सगळ्या रात्री इटलीत हलवल्या तर सीमेवर विचारणा होऊ शकते, म्हणून बेतातली लवचीकता दिवसांची ठेवा, रात्रींची नको. हॉटेल विनाशुल्क रद्द करता येणारं घ्या आणि ती मुदत नेमकी किती तारखेला संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.

लिफ्टचा पास सहा दिवसांचा एकदम घेतला की स्वस्त पडतो आणि हातपाय बांधले जातात. वारा सुटून वरच्या लिफ्ट बंद झाल्या तर पैसे सहसा परत मिळत नाहीत. पहिल्या दोन दिवसांचे सुटे घ्या, पुढचं तिसऱ्या दिवशी ठरवा. हवामानाचा अंदाज तीन दिवसांपुढे फार विश्वासाचा नसतो, पाचव्या दिवसानंतर तर नुसता कल कळतो. मुलांची स्की-शाळा मात्र अपवाद: नाताळात आणि फ्रेंच-इंग्रज शाळांच्या फेब्रुवारीतल्या सुट्टीत ती आधीच भरते. तिची जागा घेऊन ठेवा आणि बर्फ नसल्यास उंचावरच्या उतारावर नेतात का, हे लेखी विचारा.

मे महिन्याच्या सुट्टीत जमेल?
– एक वाचक, बोरिवली

ऑस्ट्रियातलं हिंटरटुक्स आणि त्सेर्माट या दोनच ठिकाणच्या हिमनद्यांचं नाव घेऊ, तिथे उन्हाळ्यातही स्की चालतं. पण तो सराव झालेल्यांसाठी आहे. दुपारी बर्फ मऊ पडतो आणि उतार सगळा उघडा असतो. पहिल्यांदा शिकणाऱ्यांनी मेमध्ये जाऊ नये.

मार्चमध्ये जाणार आहे, वय ५८. मागच्या खेपेला सकाळी उतार काचेसारखा आणि दुपारी लापशीसारखा, असं झालं. शिवाय बुटांनी पाय कामातून गेले. काय चुकलं?
– एक वाचक, गिरगाव

मार्चचा बर्फ असाच असतो: दिवसा वितळतो, रात्री गोठतो. मधे दोन-तीन तास वरचा एखादा इंच मऊ होतो, तेव्हा तो साबुदाण्यासारखा दाणेदार असतो आणि स्की त्यावर सुरेख वळते. ते तास उन्हाबरोबर सरकतात. पूर्वेकडचे उतार साधारण नऊ-दहाला मऊ होतात, दक्षिणेकडचे अकराच्या सुमाराला, पश्चिमेकडचे दुपारी. उत्तरेकडचे सावलीत राहतात, तिथे बर्फ जास्त टिकतो. पिस्टच्या नकाशावर दिशा बघा आणि सूर्यामागून फिरा. दोननंतर पाय थकलेले आणि बर्फ जड, गुडघा दुखावण्याची हीच वेळ, तेव्हा थांबा. भाड्याची स्की घेताना कडा धार लावलेल्या आहेत का ते बघा. नख कडेवरून आडवं हलकेच ओढलं की थोडं खरवडून निघायला हवं.

बुटांचं म्हणाल तर माप सेंटिमीटरमध्ये असतं. पाऊल २६ सेंटिमीटर तर बूट २६. आतला मऊ बूट काढा, पाऊल नुसत्या कवचात घाला, बोटं पुढे टेकवा: टाचेमागे दोन बोटं जाण्याइतकी जागा हवी, त्याहून जास्त नको. मग पूर्ण बूट चढवून टाच मागे आपटा आणि बकल लावा. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे टेकेल, गुडघे वाकवले की सुटेल. सगळेजण सैल बूट मागतात, आणि सैल बुटात पाय हलतो म्हणूनच नडगी सोलते. मोजा एकच, पातळ, सुती नको.

मोठी बर्फवृष्टी झाली की पिस्ट सोडून ताज्या भुरभुरीत बर्फात उतरायचं आहे. मित्र म्हणतात, विमा आहे, जाऊ.
– एक वाचक, परळ

नेमकं तेव्हाच जाऊ नका. नवा बर्फ आणि वारा यांच्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस हिमस्खलनाचा धोका सगळ्यात जास्त असतो. युरोपात धोक्याची पातळी १ ते ५ अशी सांगतात. तीन म्हणजे ‘मध्यम’ असं समजण्याची चूक फार होते. प्रत्यक्षात जीव जाणाऱ्या घटनांमध्ये तीनचा वाटा सगळ्यात मोठा आहे, कारण चार-पाचला लोक घरी बसतात. स्वित्झर्लंडचं पत्रक हिवाळ्यात संध्याकाळी पाचला आणि सकाळी आठला निघतं. ३० अंशांहून तीव्र उतार टाळा, आणि त्यांच्या खालूनही जाऊ नका. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्याने घसरते. बचावपथक एवढ्या वेळात सहसा पोहोचत नाही, शोधायचं सोबत्यांनीच.

विम्याचं पत्र आजच काढून बघा. व्हिसासाठी लागणारा ३०,००० युरोंचा विमा वैद्यकीय तातडीसाठी असतो. त्यात हिवाळी खेळ बहुतेकदा वगळलेले असतात, ते वेगळे पैसे भरून जोडावे लागतात. तसे जोडल्यावरही ‘पिस्टबाहेर फक्त मार्गदर्शकासह’ अशी ओळ आहे का, आणि डोंगरावरून उचलणाऱ्या हेलिकॉप्टरचा खर्च धरलाय का, हे शोधा. इटलीत स्की करणार असाल तर दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचा आहे. तो पासबरोबर तिथेच मिळतो.

एवढं करूनही जायचं ठरलं तर स्थानिक मार्गदर्शक घ्या, आणि प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), फावडं आणि शोधकाठी असू द्या. ट्रान्सीव्हर भाड्याने घेतला की दुकानातच चालू करा, बॅटरी बघा, मित्राचा ट्रान्सीव्हर बॅगेत लपवा आणि तो सापडेपर्यंत ‘शोधा’ आणि ‘पाठवा’ ही दोन्ही बटणं हातमोजे घालूनच वापरून बघा.