सहल काढली मी, पडली मैत्रीण. नोटीस मात्र मला

प्रश्न: वकीलसाहेब, मी सोलापुरात राहते. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आमची पंधरा जणींची भिशी आहे. यंदा फेब्रुवारीत सगळ्यांनी मुंबई बघायची ठरवली. मुंबईच्या एका टूरवाल्यानं माणशी 4,200 रुपये सांगितले. पैसे मी गोळा केले, माझ्या खात्यातून पाठवले, पावती माझ्या नावावर आली. रविवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालो. सोमवारी घारापुरीची लेणी, असं पत्रकात छापलं होतं. गेटवेला पोचल्यावर कळलं, सोमवारी लेणी बंद असतात. टूरवाल्याचा मुलगा म्हणाला, "लेणी बंद आहेत, बेट थोडंच बंद आहे? कोळ्यांचं गाव दाखवतो, ताजी मासळी खाऊ घालतो." मग बसनं अटल सेतूवरून पलीकडं नेलं आणि एका धक्क्यावरून मासेमारीच्या होडीत बसवून बेटावरच्या मोराबंदर गावात नेलं. जाताना फार मजा आली. परत येताना ओहोटी लागली होती. होडी खाली गेलेली, धक्का वर राहिलेला, मध्ये एक ओली फळी. माझी एक मैत्रीण त्या फळीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सोलापुरात येऊन प्लेट घालावी लागली, 1 लाख 12 हजार खर्च आला. होडीत लाइफ जॅकेट तीन की चार होते. आता तिच्या मुलानं वकिलामार्फत मलाच 3 लाखांची नोटीस पाठवली आहे. टूरवाला म्हणतो, "होडी आमची नव्हती, आणि पावतीवर लिहिलंय, वाद फक्त मुंबईच्या कोर्टात." ज्या कोळीणबाईनं तिचा हात पुठ्ठा लावून ओढणीनं बांधला, तिच्या नवऱ्यावर केस व्हावी असंही मला वाटत नाही. मी काय करू? (चौदा जणींवर एक सीट मोफत होती, ती मला मिळाली होती.)

उत्तर: बाई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी, कंसात लिहिली आहे. वकिलांना अशा ओळी आधी दिसतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये 'सेवा' म्हणजे काय ते सांगितलं आहे, आणि फुकट केलेलं काम त्यातून वगळलं आहे. भिशीतल्या बायकांचे पैसे गोळा करून पुढं पाठवणं ही मैत्रिणीनं केलेली उस्तवार आहे, धंदा नव्हे. त्यामुळं ग्राहक आयोगात तुम्ही 'सेवा देणारी' ठरणं अवघड. पण समोरचा वकील त्या मोफत सीटचा धागा ओढणार. "बाईंना 4,200 रुपयांचा फायदा झाला, म्हणजे त्या टूरवाल्याच्या एजंट होत्या," असं तो म्हणेल. माझ्या मते हा मुद्दा टिकणारा नाही. ती सवलत टूरवाल्यानं दिली, मैत्रिणींकडून तुम्ही एक रुपयाही जास्त घेतला नाही. मात्र ती सीट तुम्ही लपवली असेल, तर कायद्यापेक्षा लपवणंच तुम्हाला महागात पडेल. ग्रुपवर तेव्हा सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर तो मेसेज शोधून ठेवा. नसेल तर आता आपण होऊन सांगा, आणि नोटिशीच्या उत्तरातही एका वाक्यात लिहा. "माझ्याकडून पुरावा काढला" असं म्हणायची संधी कुणाला देऊ नका.

फोनवर तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितलीत. मैत्रीण होडीत बसायला कचरत होती आणि तुम्ही म्हणालात, "अगं बस की, काय होतंय." एवढ्यावरून तुमचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. होडी किती माणसांची, फळी कुणी बांधली, जॅकेट किती, यातलं काहीच तुमच्या हातात नव्हतं. दिवाणी दावा लागलाच, तर तुमचं कर्तव्य काय होतं आणि ते तुम्ही कुठं मोडलं हे मुलाला सिद्ध करावं लागेल. तिथं त्याची गाडी अडते. पण ते वाक्य बोललाच नाहीत असं कधी म्हणू नका. तेरा जणींनी ऐकलंय.

आता टूरवाल्याकडे वळू. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं मुंबईच्या सहली काढू नयेत. आणि ठाऊक असून पत्रकात सोमवार छापला असेल, तर ते आणखी वाईट. सेवेतली त्रुटी होडीत बसायच्या आधीच, गेटवेवर उभ्या उभ्या झालेली आहे. ती झाकायला त्यानं ऐनवेळी बेत बदलला, आणि तोही कशात? मासे धरायच्या होडीत. तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी तिसरा परत बघा, ज्यात सगळ्या जणी शेंगाचटणीचा डबा मध्ये ठेवून बसल्या आहेत. डावीकडच्या बाईंच्या पदराच्या वर, होडीच्या पुढच्या अंगाला पांढऱ्या रंगात 'आयएनडी-एमएच' असं सुरू होणारा नंबर आहे. हा मासेमारीच्या नौकेचा नोंदणी क्रमांक असतो. तिचा मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय विभागाचा. भाड्यानं प्रवासी नेणाऱ्या बोटीची तपासणी, माणसांची मर्यादा आणि परवाना यांचं काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडं असतं. म्हणजे जिच्यात पंधरा बायका बसवल्या ती प्रवासी बोटच नव्हती. तुमच्या पन्नास पानांच्या कैफियतीपेक्षा हा एक फोटो जड आहे. तो फोटो ज्या फोनमध्ये काढला तो फोन विकू नका, बदलू नका, नातवाला खेळायला देऊ नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणं फोटो आणि मेसेजसोबत प्रमाणपत्र लावावं लागतं. ते तुमचे वकील तयार करतील, पण मूळ फोन हाताशी असलेला बरा. व्हॉट्सॲप ग्रुप कुणी रागानं डिलीट करणार नाही, एवढं बघा.

"होडी आमची नव्हती" हे टूरवाल्याचं म्हणणं मी दरवर्षी दोन-तीनदा ऐकतो. कधी बस आमची नव्हती, कधी हॉटेल आमचं नव्हतं. पैसे कुणी घेतले? बेत कुणी बदलला? होडीवाल्याशी भाडं कुणी ठरवलं? तुम्ही आणि होडी चालवणाऱ्या त्या तांडेलानं तर एकमेकांची नावंही विचारली नव्हती. तुमचा करार टूरवाल्याशी आहे, आणि त्यानं ज्याच्याकडून काम करून घेतलं त्याचा हिशोब त्यानं द्यायचा. तक्रारीत होडीवाल्याला सामनेवाला करायची गरज मला दिसत नाही. टूरवाला आयोगापुढं "त्यालाही पार्टी करा" म्हणेल, तेव्हा आयोग ठरवेल. आपण होऊन त्या घराला ओढायचं कारण नाही.

पोलिसांत जायचं का, हेही तुम्ही फोनवर विचारलंत. भाड्यानं माणसं नेताना असुरक्षित किंवा जास्त भरलेल्या नावेतून नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 284 खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाड मोडणं ही कायद्यानं 'गंभीर दुखापत' असते, त्यामुळं निष्काळजीपणानं जीव धोक्यात घालण्याच्या कलम 125 चा जास्त शिक्षेचा भागही लागू शकतो, तिथं तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि आता गुन्हा मुंबईकडचा असला तरी फिर्याद सोलापुरात देता येते, ज्याला लोक 'झिरो एफआयआर' म्हणतात. मात्र अशा फिर्यादीत पहिल्यांदा पकडला जातो तो होडी चालवणारा. टूरवाला साक्षीदार म्हणून येतो आणि चहा पिऊन जातो. फिर्याद द्यायची की नाही, हे ठरवायचा हक्क तुमच्या मैत्रिणीचा, तुमचा नाही. मला विचाराल तर केवळ टूरवाल्यावर दबाव म्हणून हा रस्ता धरू नये.

हे मी हलक्यानं घेतोय असं समजू नका. आपल्याच उजनीत 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. त्याच वर्षी 18 डिसेंबरला, घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाच्या स्पीडबोटीनं धडक दिली. त्या दोन्ही बातम्या आपण सोलापुरात बसून वाचल्या. इतकं झाल्यावर पंधरा बायकांना चार जॅकेट देऊन समुद्रात नेणारा माणूस "अपघात होता हो" म्हणून सुटू नये, असं मला वाटतं. म्हणून ग्राहक आयोग.

ही तक्रार कुणी करायची? इथं तुम्हाला एक चांगली बातमी आहे. पावती तुमच्या एकटीच्या नावावर असली, तरी तुमच्या संमतीनं जिनं सेवा घेतली ती प्रत्येक बाई कायद्यानं 'ग्राहक' आहे. म्हणजे मैत्रीण स्वतः तक्रारदार होऊ शकते, तुम्ही तिच्या शेजारी तक्रारदार क्रमांक दोन होऊ शकता, आणि लेणी न दिसल्याचे पैसे बाकीच्यांनाही मागता येतात. मुलानं घाईत रेघ मारली, आई एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या. खरं तर रेघेच्या एका बाजूला तुम्ही पंधरा जणी आहात.

'फक्त मुंबईच्या कोर्टात' या ओळीला घाबरू नका. 2019 च्या कायद्यानं ग्राहकाला तो राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात जायची सोय दिली आहे. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात छापून ती काढून घेता येत नाही. "स्वतःच्या जबाबदारीवर प्रवास" अशा कागदावर सह्या घेतल्या असतील, तरी त्या पत्रकातल्या लाँचच्या प्रवासासाठी होत्या. मासेमारीच्या होडीत बसवायची परवानगी तुम्ही दिली नव्हती, आणि सही घेतली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नसतो.

खर्चाचं सांगतो. आयोगाचा अधिकार आता तुम्ही मोजलेल्या पैशांवरून ठरतो, मागितलेल्या भरपाईवरून नाही. चौदा गुणिले 4,200 म्हणजे 58,800 रुपये. पाच लाखांपर्यंत तक्रारीला फी नाही. त्यामुळं 3 लाख मागा की 5 लाख, फी शून्यच. तक्रार आयोगाच्या ई-जागृती या पोर्टलवर ऑनलाइन करता येते, 1915 या हेल्पलाइनवर आधी विचारताही येतं. मुदत घटनेपासून दोन वर्षं. कायदा तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करा म्हणतो. तुम्ही तीन महिन्यांचं कॅलेंडर भिंतीवर लावून बसू नका, तारखा पडतात. मात्र आयोग पहिल्या तारखेला दोन्ही बाजूंची तयारी असेल तर मध्यस्थीला पाठवू शकतो, आणि अशा प्रकरणांत टूरवाले तिथंच नरम येतात असा माझा अनुभव आहे.

त्याआधी टूरवाल्याला एक साधी नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा. त्यात चारच गोष्टी मागा: होडीवाल्याला दिलेल्या भाड्याची पावती, होडीचा प्रवासी परवाना, लाइफ जॅकेटचा हिशोब, आणि पत्रकात 'विमा समाविष्ट' असं जे छापलंय त्या पॉलिसीचा नंबर. पंधरा दिवस द्या. यातलं तो काही देऊ शकणार नाही, आणि ते न देणंच पुढं कामाला येईल. विमा खरंच निघाला असेल तर मैत्रिणीचा बराच प्रश्न तिथंच मिटतो. बँकेतून वर्षाला 20 रुपये कापून जो सुरक्षा विमा असतो त्याच्या मागं मात्र जाऊ नका. तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे, बऱ्या होणाऱ्या मनगटासाठी नाही.

आता मुलाच्या नोटिशीला उत्तर. द्यायचंच. न दिल्यानं कुणी तुरुंगात टाकत नाही, पण उद्या "यांनी तेव्हा नाकारलं नव्हतं" असं ऐकावं लागतं. उत्तर एक पानाचं पुरे. पैसे मी जमवले, सगळे टूरवाल्याला पाठवले, हे बँकेचं विवरण. एक सीट मोफत होती. बेत टूरवाल्यानं बदलला. भरपाईची जबाबदारी माझी नाही, पण टूरवाल्याविरुद्ध तुमच्या आईसोबत तक्रारदार व्हायला मी तयार आहे. ते शेवटचं वाक्य वकिलाला वगळू देऊ नका, वकील लोक अशी वाक्यं आधी काटतात. उत्तरात माफी नको, टोमणा तर अजिबात नको. "तुमच्या आईनंच हट्ट केला होता" वगैरे मनात असेल तर तिथंच ठेवा.

आणि हे उत्तर पोस्टात टाकायच्या आधी एकदा तिच्या घरी जाऊन या. नोटीस आल्यापासून दोघी बोललेल्या नाहीत, असं फोनवर म्हणालात तुम्ही. मुलगा कामावर गेल्यावर, अकराच्या सुमाराला जा. उजवा हात आहे, म्हणजे अजून तिला भाकरी थापता येत नसेल. दवाखान्याची बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे यांची झेरॉक्स तिच्याकडून घ्या, तुमच्याकडची पावती आणि ते पत्रक तिला द्या. मग दोघी मिळून माझ्याकडं या, फोन सोबत आणा. शनिवारी दुपारनंतर मी ऑफिसात असतो.