उत्तर: एल. ए. नाइटला मुद्दाम हरवतात का, आणि बघणं सोडू का?

तुमची पोस्ट वाचून माझंच जुनं रडगाणं दुसऱ्या कोणीतरी लिहिलंय असं वाटलं. डब्ल्यूडब्ल्यूईचा पैलवान एल. ए. नाइट आला की अख्खं स्टेडियम ‘येआ’ ओरडतं, आणि मोठा सामना आला की हार नेमकी त्याच्याच पदरात. सबस्क्रिप्शन बंद करू का, भारतात पुन्हा शो झाला तर त्याच्यासाठी तिकीट काढू का, असं तुम्ही विचारलंय. क्रमाने नाही, जमेल तसं सांगतो.

निकाल आधी ठरलेले असतात हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. ज्यांना ‘खोटं असतं रे ते’ एवढंच सांगायचंय त्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

माझं मत असं की हरवणं वेगळं आणि वाऱ्यावर सोडणं वेगळं. 2013च्या समरस्लॅम या मोठ्या शोमध्ये डॅनियल ब्रायनने जॉन सीनाला स्वच्छ हरवलं. पाचएक मिनिटांत पंच असलेल्या ट्रिपल एचनेच त्याला आपटलं आणि रँडी ऑर्टन ब्रीफकेस (म्हणजे चॅम्पियनला हव्या त्या वेळी आव्हान द्यायचा हक्क) घेऊन येऊन चॅम्पियनचा बेल्ट लांबवून गेला. पुढचे दोन-तीन महिने हाच खेळ. एकदा बेल्ट मिळाला, तोही दुसऱ्याच दिवशी काढून घेतला. तेव्हा आम्ही चडफडायचो, पण ते चडफडणं कंपनीला हवंच होतं, कारण गोष्ट चालू होती.

खरी घाण झाली 26 जानेवारी 2014ला, पिट्सबर्गच्या रॉयल रंबलमध्ये. ब्रायन पहिल्याच सामन्यात ब्रे वायटकडून हरला आणि तीस जण एकेक करून रिंगमध्ये उतरतात त्या रंबल सामन्यात त्याला घेतलंच नाही. लोक शेवटपर्यंत वाट बघत होते. तिसाव्या नंबरला आला रे मिस्टेरिओ, आणि ज्या माणसाला कोणी कधी नावं ठेवत नाही त्याची लोकांनी हुर्यो उडवली! जिंकला बटिस्टा, बऱ्याच वर्षांनी परत आलेला. त्याचीही तीच गत. एवढा बोभाटा झाल्यावर मग कुठे रेसलमेनिया 30 या वर्षातल्या सर्वात मोठ्या शोमध्ये ब्रायनला एकाच रात्री दोन सामने जिंकवून चॅम्पियन केलं.

म्हणून मी हार बघत नाही, हारीनंतरचा आठवडा बघतो. कोफी किंग्स्टन घ्या. एप्रिल 2019 मध्ये रेसलमेनियात जिंकला तेव्हा मोठमोठी माणसं रडली. 4 ऑक्टोबरला ब्रॉक लेस्नरने त्याला दहा सेकंदांच्या आत झोपवलं. चला, लेस्नर आहे, समजू शकतो. पण नंतर? ना रिमॅच, ना राग, गडी पुन्हा आपल्या टॅग टीममध्ये हसतोय. तिथे मी हात टेकले.

नाइटचं तसं झालेलं नाही असं मला वाटतं. 2023ला लंडनमध्ये लोक त्याच्या नावाने घसा फोडत असताना ब्रीफकेस डेमियन प्रीस्टला दिली, नोव्हेंबरमध्ये रोमन रेन्सकडून हरवलं, हे खरं. पण पुढच्या वर्षी समरस्लॅमला लोगन पॉलला हरवून यूएस टायटल हा दुय्यम बेल्ट त्यालाच मिळाला. विसरलेत असं नाही, मधल्या फळीवर ठेवलाय. माझा अंदाज, चूकभूल द्यावी घ्यावी. मी काही आतल्या गोटातला नाही.

आता तिकीट. 2017च्या मे महिन्यात भारतीय वंशाच्या जिंदर महालने ऑर्टनला हरवून बेल्ट घेतला. त्याआधी तो जवळपास प्रत्येक सामना हरायचा, तेव्हा हे भारतीय बाजारासाठी चाललंय हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण आपल्याकडची पोरं खूश होती, मीही होतो. डिसेंबरला दिल्लीत शो, आपला चॅम्पियन बेल्ट घेऊन येणार! आणि शोच्या महिनाभर आधी, 7 नोव्हेंबरला, मँचेस्टरमध्ये एजे स्टाइल्सकडे बेल्ट गेला. दिल्लीत जिंदर ट्रिपल एचकडून हरला, जो तोपर्यंत कंपनीचा अधिकारीच झाला होता. वर दोघं मिळून भांगडा नाचले. नूरा कुस्तीतसुद्धा गावचा पैलवान गावात पाडत नाहीत हो!

माझा खिसा मात्र दुसरीकडेच कापला गेला. शो दोन दिवसांचा होता, 8 आणि 9 डिसेंबर, त्यातला 8चा रद्द झाला. माझं तिकीट 8चंच. ते एका मध्यस्थाकडून हॉटेलसकट पॅकेजमध्ये घेतलेलं (नाव घेत नाही, उगाच नोटीस नको). फोनवरच्या बाई अतिशय गोड आवाजात, ‘सर, इव्हेंट कॅन्सल नाही झालाय, मर्ज झालाय, त्यामुळे रिफंड लागू होत नाही.’ बरं, मग 9चं तिकीट द्या. ‘सर, त्या कॅटेगरीत उपलब्धता नाही.’ मेल केला की दर वेळी एकच उत्तर, तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे. तो विभाग अजून विचारच करतोय. शेवटी 9चं वेगळं तिकीट काढलं. जिंदर हरताना बघायला दुप्पट पैसे.

तेव्हा माणसाच्या नावावर तिकीट काढू नका. पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरात ‘कार्यक्रमात बदल होऊ शकतो’ असतं, तेवढंच खरं समजा. मित्रांबरोबर दंगा करायचा असेल तर जरूर जा, थेट आयोजकांच्या अधिकृत विक्रीतूनच घ्या, आणि रेल्वेचं तिकीट कार्ड, म्हणजे सामन्यांची यादी, जाहीर झाल्यावर काढा. तत्काळ परवडतं, मनस्ताप परवडत नाही.

ओरडून काही होतं का? कधी कधी. 2024ला कोडी रोड्सला बाजूला सारून रॉकला रेसलमेनियाचा सामना द्यायला निघाले होते, लोकांनी असा गोंधळ घातला की आठवड्याभरात बेत फिरला आणि कोडी जिंकलाही. उलट रुसेव या पैलवानाच्या ‘रुसेव डे’वाल्या चाहत्यांनीही तेवढाच घसा फोडला, टी-शर्ट घेतले, आणि 2020 मध्ये रुसेवला चक्क नारळ दिला. तेव्हा फार भरवसा नको.

सबस्क्रिप्शन एवढ्यासाठी बंद करू नका, घरचे बाकी काही बघत असतील तर नाहीच. मी रॉ हा दर आठवड्याचा शो हल्ली सलग बघत नाही. मंगळवारी ऑफिसच्या बसमध्ये हायलाइट्स, आणि कोणी चांगलं म्हटलं तरच रात्री तो एक सामना पूर्ण. नाइटचे प्रोमो, म्हणजे माइकवरची बोलणी, मात्र पूर्ण बघा, ते हायलाइट्समध्ये कापून वाट लावतात.