वडिलांची प्राध्यापकीतली कागदपत्रं: काय ठेवावं, कोणाला द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील तीन दशकं महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होते, आता घर रिकामं करायचं आहे, दोन कपाटं आणि माळ्यावरच्या ट्रंका कागदांनी भरल्या आहेत. अमेरिकेतली विद्यापीठं प्राध्यापकांचे कागद सांभाळतात असं ऐकलंत, तर ती नेमकं काय सांभाळतात आणि तुमच्याकडचं काय रद्दीत द्यावं?

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या आर्काइव्हमध्ये नोकरी करते. निवृत्त झालेल्या किंवा वारलेल्या प्राध्यापकांचे खोके उघडायचे, त्यांतलं वाचायचं आणि यादी करायची हेच माझं काम. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी एवढं करा: रद्दीवाल्याला बोलावू नका, आणि कागद 'नीट लावायला'ही घेऊ नका. दुसरी चूक पहिलीपेक्षा जास्त घरांत होते. मुलगी किंवा सून चांगल्या मनाने बसते, सगळी पत्रं एकीकडे, सगळी टिपणं दुसरीकडे, तारखांनुसार. पण वडिलांनी एका फायलीत एक पत्र, एक कात्रण आणि एका लेखाचा कच्चा खर्डा एकत्र ठेवला असेल, तर ते एकत्र असणं हीच माहिती असते. कोणतं पत्र वाचून कोणता लेख सुचला, ते तिथे कळतं. आमच्या धंद्यात याला मूळ क्रम म्हणतात आणि तो मोडलेला दिसला की आम्ही कपाळावर हात मारून घेतो.

आता विद्यापीठं काय ठेवतात. प्राध्यापकाचे कागद दोन वाटांनी येतात. एक वाट कचेरीची: नेमणूक, बढती, रजा, पगार. हे विद्यापीठाचे स्वतःचे कागद, ते आपोआप येतात आणि बहुधा दीर्घकाळ बंद राहतात. हार्वर्डचा नियम पाहा: प्रशासकीय कागद 50 वर्षं बंद, आणि कर्मचारी किंवा विद्यार्थी यांच्या वैयक्तिक नोंदी 80 वर्षं. याच वाटेवर मृत्यूनंतर सहकाऱ्यांनी लिहिलेली स्मरणटिपणंही येतात. हार्वर्ड, कॉर्नेल, कॅलिफोर्निया विद्यापीठ इथे ती पद्धत जुनी आहे. वाचायला छान असतात, पण त्यांत माणूस कधी कोणाशी भांडलेला नसतो.

दुसरी वाट घरची. खाजगी पत्रव्यवहार, व्याख्यानांच्या वह्या, खर्डे, क्षेत्रकार्याच्या डायऱ्या, फोटो. हे विद्यापीठाच्या मालकीचं नसतं. प्राध्यापक स्वतः किंवा घरचे देणगीपत्रावर सही करून देतात, आणि आमच्याकडे संशोधक येतात ते बहुतेक याच्यासाठी.

का येतात, ते आपल्या ओळखीच्या उदाहरणाने सांगते. एडविन सेलिग्मन हे कोलंबिया विद्यापीठात 1885 ते 1931 अर्थशास्त्र शिकवत होते. करआकारणीवरचे त्यांचे ग्रंथ कुठल्याही मोठ्या ग्रंथालयात मिळतील. त्यांचे कागद मात्र फक्त कोलंबियात आहेत, आणि त्यांत 16 फेब्रुवारी 1922 चं एका विद्यार्थ्याचं पत्र आहे. 1917 मध्ये भारतात परतताना बोट टॉर्पेडोने बुडाली, तिच्याबरोबर प्रबंधाचं हस्तलिखित गेलं, म्हणून नवा प्रबंध लिहिला आहे, असं तो कळवतो. विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे तो प्रबंध 1925 साली छापून आला तेव्हा प्रस्तावना सेलिग्मन यांची होती, आणि 1927 मध्ये कोलंबियाने पीएच.डी. दिली.

दुसरं टोक लंडनला आहे. सेलिग्मन यांनी आपल्या या विद्यार्थ्याची शिफारस लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे हर्बर्ट फॉक्सवेल यांच्याकडे केली होती. नोव्हेंबर 1920 मध्ये फॉक्सवेल तिथल्या सचिव मिसेस मेअर यांना लिहितात की या माणसाची डॉक्टरेट आधीच झाली आहे हे मी विसरलो होतो; इथे त्याला जिंकायला आता काही उरलेलं नाही. बाबासाहेबांनी पुढे लंडनहून डी.एस्सी. घेतली, म्हणजे फॉक्सवेल चुकलेच. पण कचेरीतल्या कचेरीत लिहिलेली ही चिठ्ठी कोणी फेकली नाही, म्हणून एका इंग्रज प्राध्यापकाला ते कसे वाटले ते आज कळतं.

तिसरं पत्र अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना. ते अटलांटा विद्यापीठात शिकवत. त्यांचे कागद पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्टच्या ग्रंथालयात गेले. 1946 मध्ये आंबेडकरांनी त्यांना लिहून कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या, आणि ड्यू बॉइस यांनी 31 जुलैला उत्तर दिलं. अस्पृश्यांसाठी तसाच अर्ज करता येईल का, हा विचार त्या पत्रात चालू दिसतो. दोन्ही पत्रं स्कॅन होऊन घरबसल्या वाचता येतात.

यावरून तुमच्या वडिलांच्या कपाटाबद्दल एक गोष्ट लक्षात येईल. त्यांचे छापील लेख दुसरीकडेही असतात. त्यांना आलेली पत्रं आणि त्यांच्या हाताची टिपणं फक्त तुमच्याकडे आहेत. घरच्यांना नेमकं उलटं वाटतं: पुस्तकं, मानचिन्हं, शालीबरोबर मिळालेली मानपत्रं जपतात आणि आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा टाकतात. मानचिन्हं आम्ही तर घेतच नाही. जागा खातात आणि काही सांगत नाहीत.

आम्ही टाकतो काय? लेखांच्या जादा प्रती, प्रवासखर्चाची बिलं, दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या झेरॉक्स. उत्तरपत्रिका, गुणांची वही, विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली शिफारसपत्रं यांचा प्रश्न वेगळा. 1974 च्या अमेरिकी कायद्याने विद्यार्थ्यांच्या नोंदींना संरक्षण आहे, म्हणून त्या बाजूला काढून बंद ठेवतो किंवा नष्ट करतो. तुमच्याकडे अशा नोंदी निघाल्या तर कायदा काहीही असो, कोणाच्या हाती पडू देऊ नका. कोणाच्या तरी नापास होण्याची ती गोष्ट असते.

एक अवांतर. वडिलांचे हस्तलेख टाइप कोणी केले, मुद्रितं कोणी तपासली, तेही बघा. इथल्या जुन्या याद्यांमध्ये बायकांची नोंद नवऱ्याच्या नावाने 'मिसेस अमुक' अशी असायची. आता कितीतरी संस्था बसून ती नावं दुरुस्त करताहेत. तुमच्या आईचं अक्षर त्या खर्ड्यांवर असेल तर तसं लिहून ठेवा, नंतर कोणी ओळखणार नाही.

आता अवघड भाग: आपल्याकडे घेतं कोण? खरं सांगायचं तर महाविद्यालयाकडे सेवापुस्तक आणि पेन्शनची फाइल असते, त्यापलीकडे बहुतेक ठिकाणी काही नसतं. षष्ट्यब्दीला गौरवग्रंथ निघतो, सत्काराला सभागृह भरतं, आणि टेबलाच्या खणातले कागद शिपाई गोणीत भरतो. पुस्तकांचं बरं आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह 1917 मध्ये पुण्यात त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेला दिला. दामोदर धर्मानंद कोसंबींची पुस्तकं दिल्लीच्या जेएनयूत गेली. कागदांची सवय मात्र आत्ता लागते आहे. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेचं आर्काइव्ह 2019 मध्ये लोकांसाठी उघडलं, तिथे संस्थेचे संस्थापक ओबेद सिद्दिकी यांचे कागद आहेत. पण ते जीवशास्त्राचं. अर्थशास्त्राच्या कागदांसाठी वडिलांचा विषय नेमका कशावर होता ते बघून, त्या विषयाच्या संशोधन संस्थेला आणि त्यांच्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांना पत्र टाका. सोनीपतच्या अशोका विद्यापीठातही समकालीन भारताबद्दलचे खाजगी कागद घेणारं आर्काइव्ह आहे, तिथेही विचारा.

पत्रात 'माझे वडील थोर होते' असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. खोके किती, कोणत्या सालांपासून कोणत्या सालांपर्यंत, पत्रं कोणाकोणाची, कोणत्या गावांची किंवा सहकारी संस्थांची पाहणी त्यांनी केली, भाषा कोणत्या, एवढं एका पानात द्या. सहकारी साखर कारखान्याच्या पाहणीच्या हाताने भरलेल्या तक्त्यांनी संशोधक जितका हलतो तितका मानपत्राने नाही. सही करण्यापूर्वी विचारा: कागद लोकांना कधी पाहता येतील, यादी कधी होईल, नको असलेलं परत मिळेल का. हक्कांचंही स्पष्ट करा. वडिलांनी लिहिलेल्याचा कॉपीराइट भारतात त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं वारसांकडे राहतो. नुसता कागद दिल्याने तो जात नाही. आणि त्यांना आलेल्या पत्रांचा कागद तुमचा असला तरी त्यांतल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा.

उत्तर येईपर्यंत ट्रंका माळ्यावरून खाली, भिंतीपासून दूर आणा. रबरबँड काढा, गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. कसर लागलेली फाइल इतरांपासून वेगळी ठेवा. संगणकातल्या फायली श्रीलिपीत किंवा आकृतीत टाइप केलेल्या असतील तर तो फॉन्टही बरोबर जपा, नाहीतर उघडल्यावर नुसती विचित्र चिन्हं दिसतील. फॅक्सच्या गुळगुळीत कागदावर काही असेल तर वाट पाहू नका, आठवडाभरात झेरॉक्स काढून घ्या. त्यावरची अक्षरं बंद कपाटातही उडून जातात.