'आम्ही' सोड, 'मी' म्हण

इंग्लंडमध्ये पोलिसात जायचं ठरवलंस, मस्त! मुलाखतीच्या तयारीसाठी आधी कॉलेज ऑफ पोलिसिंगची (तिथल्या पोलिसांचे निकष ठरवणारी संस्था) चौकट वाच, म्हणजे पोलिसात काय गुण हवेत त्याची यादी: सहा क्षमता आणि तीन मूल्यं. वाच म्हणतोय, पाठ कर नाही. प्रत्येक क्षमतेसाठी स्वतःच्या आयुष्यातला एक खरा प्रसंग कागदावर उतरव. दुकानातली नोकरी, कॉलेजचं प्रोजेक्ट, काहीही चालतं. चोर पकडलेला असायची गरज नाही.

आपल्या मराठी माणसाची खोड म्हणजे सगळीकडे 'आम्ही'. "गणपतीत पार्किंगवरून शेजारी चिडले, मग आम्ही मिटवलं." अरे, तू काय केलंस? "मी त्यांच्या दारात गेलो, आधी ऐकून घेतलं, मग दोन गाड्या हलवायला लावल्या." मुलाखतीत गुण याला मिळतात.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- पार्श्वभूमी सांगण्यातच वेळ घालवतात. ती दोन वाक्यांत आटप.
- शेवटी काय झालं, हे सांगायचंच राहतं.
- उत्तर घोकून येतात. लगेच कळतं ते.

मोबाइलवर स्वतःला रेकॉर्ड करून ऐक. पहिल्यांदा लाज वाटेल, मलाही वाटली होती. फिटनेस टेस्टचं नंतर बघू, आत्ता प्रसंग लिहायला बस.